दोन जवाई आणि एक दोर

मला पळता येत नाही, हे आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मलाच ठाऊक नव्हतं.

लग्नानंतरचा तो माझा पहिला उन्हाळा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी राजुऱ्याला शाळेत गणित शिकवायचो. सुट्टी लागताच बायकोला, म्हणजे शालूला, घेऊन तिच्या माहेरी निघालो. सासुरवाडी आलापल्लीच्या अलीकडच्या एका गावात. सासरे (आमच्याकडे त्यांना मामाजी म्हणतात) जंगल खात्याच्या लाकूड डेपोतून नुकतेच निवृत्त झालेले. एसटीची काच लावली तर जीव गुदमरायचा आणि उघडली तर तोंड भाजायचं. अशा त्या मे महिन्यात शालूनं मला बसमध्येच ताकीद दिली.

"यंदा मी अन् मंदाबाई महिनाभर माहेरी राहणार. शेवया करू, कुरड्या करू, बोलत बसू. तुम्ही फक्त रुसू नका."

"मी काऊन रुसन?"

"नवीन जवाई रुसतेच. अन् जुना तर रुसासाठीच येते!"

जुना म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, मंदाबाईंचे यजमान, माझे साडभाऊ वासुदेवराव. बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत नोकरी, अंगानं भक्कम, मिश्या भरघोस आणि मन मात्र पापडाचं. एका वर्षी पंगतीत आमरस आधी दुसऱ्याच पाहुण्याला वाढला म्हणून ते रुसले. पुढच्या वर्षी "राहा ना आणखी दोन दिवस," असं सासूबाई एकदाच म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या नाहीत, म्हणून रुसले. जवाई रुसून निघाला की त्याच्या बायकोनं मुकाट पिशवी भरायची आणि त्याच्यामागं एसटी गाठायची, हा तिथला कायदा. नाहीतर गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! त्यामुळे लग्न झाल्यापासून मंदाबाईंना माहेरी धड आठवडाही मिळाला नव्हता. लहानपणी एका गोधडीत झोपणाऱ्या या दोघी बहिणी आता एकमेकींना लग्नकार्यात, तेही पंगती वाढताना, भेटत होत्या. हे सांगताना शालूचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं आणि मी तिला वचन दिलं, की मी कशानंही रुसणार नाही. (नवऱ्यानं पहिल्या वर्षी दिलेल्या वचनाचं पुढं काय होतं, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.)

आम्ही पोचलो तेव्हा वासुदेवराव आधीच येऊन बसले होते. आणि घरात जवाई दोन असले, तरी कुलर एकच होता.

पत्र्याचा तो कुलर सुरू झाला की घरात विमान उतरल्याचा आवाज व्हायचा आणि वारा जेमतेम एका खाटेपुरता यायचा. मामाजींनी माणूस बघून निवाडा करायचं टाळलं आणि कुलर बरोबर दोन खाटांच्या मधोमध ठेवला. वारा दोघांच्या मधून निघून मागच्या कोठीतल्या धानाच्या पोत्यांना लागू लागला. धान गार, जवाई घामाघूम!

"त्याइच्याकडे फिरव ना," वासुदेवराव दुपट्ट्यानं मान पुसत मेहुण्याला, बंडूला, म्हणायचे. "नवीन मानूस आहे. मले काही गर्मी होत नाई."

"नाई नाई, मोठ्या भाऊजींकडे फिरव," मी म्हणायचो. "मले तर थंडी वाजून राह्यली."

बंडू बिचारा कुलर इकडून तिकडे ढकलत राहायचा. ज्याच्याकडे कुलर वळला तो संकोचानं तोंड पाडायचा, ज्याच्याकडून वळला तो खरोखरच तोंड पाडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वासुदेवराव कोणाशी बोलेनासे झाले आणि एसटी किती वाजता येते याची उगाच चौकशी करू लागले. मंदाबाईंनी आपल्या साड्या पिशवीतून अजून बाहेरच काढल्या नव्हत्या.

तेव्हा बंडूला तो कागद सापडला. तेलाच्या डब्याखाली घातलेली वर्तमानपत्राची पुरवणी होती. तिच्यात 'उन्हाळी सुट्टीत कुटुंबासह मैदानी खेळ' असा लेख होता आणि वर हिरव्यागार लॉनवर टोप्या घालून हसणाऱ्या एका कुटुंबाचं चित्र होतं.

"यानं मन रमते म्हणून लिहिलं आहे," बंडू म्हणाला. "पहिला खेळ, पाण्याचे फुगे भरून एकमेकाइले मारणे."

"पाण्याचे?" सासूबाई स्वयंपाकघरातून गरजल्या. "विहिरीत बादली बुडाले टेकून राह्यली, अन् तू फुगे भरतं?"

"बरं, बर्फाचे तुकडे तोंडात धरून पळणे."

"बर्फ कुठी भेटते बे इथी?"

शेवटी चमचा-लिंबू, पोत्यांची शर्यत, संगीत खुर्ची आणि रस्सीखेच असे चार खेळ ठरले. लिंबं नव्हती म्हणून लिंबाच्या जागी टोरी, म्हणजे मोहाचं फळ, घ्यायचं ठरलं. घरामागच्या मोहाखाली ती हवी तितकी पडली होती. मैदानही तेच. मोहफुलं वेचायला म्हणून झाडाखालची जागा दरवर्षी झाडून-सारवल्यासारखी लख्ख करतात. फुलांचा हंगाम सरला तरी ती तशीच मोकळी होती. वेळ मात्र पहाटेची. आमच्याकडे मेमध्ये सकाळी आठनंतर खेळायला बाहेर पडतो त्याला खेळाडू म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात.

आदल्या संध्याकाळी सासूबाई काही मंडळींना चुलीपाशी बोलावून हळू आवाजात काही सांगत होत्या. तिकडे गोठ्याजवळ मामाजी दुसऱ्या काही मंडळींना काही सांगत होते. मला वाटलं, सकाळची कामं वाटून देत असतील. मी अंगणात गुडघे वर-खाली करून सराव करत होतो.

पहाटे सगळे जमले. काका, चुलत मेहुणे, शेजारची मंडळी, सगळे मोठ्या उत्साहात. पहिली शर्यत चमच्याची. बंडूनं शिट्टी मारली आणि मी हातात चमचा धरून निघालो. चार पावलांतच पुंडलिककाका (मामाजींचे धाकटे भाऊ, अंगानं सडपातळ आणि बैलामागं पळून पळून तयार झालेले) माझ्या बरेच पुढे गेले. मग ते थांबले. मागं वळून आम्हा दोघा जवायांकडं बघितलं. आम्ही अजून लांब आहोत असं दिसल्यावर त्यांनी आकाशाकडं बघितलं, आणि चमचा हळूच तिरपा केला.

"अरे बाप्पा! पडली!" काका ओरडले.

पाठोपाठ सगळ्यांच्याच टोऱ्या पडू लागल्या. एकाची तर चमच्यात ठेवण्याआधीच पडली! मी आणि वासुदेवराव तेवढे टिकलो आणि मी त्यांच्यापुढं अर्धा हात होतो. मी जिंकलो! "हात किती स्थिर आहे माझा," असं मी शालूला म्हणालो. ती मान खाली घालून पदर चावत होती. मला वाटलं, अभिमान लपवत असेल.

पोत्यांच्या शर्यतीत वासुदेवराव पहिले आले. मी दुसरा. माझ्या पुढे पाचसहा जण उड्या मारत होते, पण ऐन वेळी एकाला शिंक आली, एकाला गाय सुटल्याची शंका आली, आणि पुंडलिककाका तर बुटाची नाडी बांधायला खाली बसले. पाय पोत्यात होते आणि बूट घरी! पण मी गणिताचा माणूस असूनही या गोष्टींची बेरीज माझ्याकडून झाली नाही. वासुदेवरावांनी मिशीवर ताव दिला आणि ते तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. मंदाबाई धावत घरात गेल्या. साड्या पिशवीतून काढायलाच गेल्या, असं नंतर शालूनं सांगितलं.

म्हणजे सामना एक-एक असा बरोबरीत आला होता आणि सासुरवाडी सुखात होती. तिथंच थांबायला हवं होतं. पण मीच म्हणालो, "चला, आता संगीत खुर्ची!"

संगीत म्हणजे बंडू पाठमोरा बसून थाळी बडवणार. थाळी थांबली की बसायचं. पहिल्या फेऱ्या झटपट झाल्या, कारण थाळी थांबली की जवाई सोडून प्रत्येक जण खुर्चीवर दुसऱ्याला आग्रह करून बसवत होता. शेवटी खुर्ची एक आणि भोवती मी आणि वासुदेवराव. बंडू थाळी बडवू लागला. आम्ही फिरू लागलो. बंडू बडवत राहिला, आम्ही फिरत राहिलो. आता थाळी कधीही थांबली असती तरी एक जवाई बसला असता आणि एक उभा राहिला असता! बंडूच्या पाठीवर घामाच्या धारा लागल्या होत्या, पण हात थांबवायची त्याची छाती होईना. सूर्य उगवला. मोहाच्या शेंड्यावरचं ऊन बुंध्यापर्यंत उतरलं. आम्ही दोघं एकमेकांच्या पाठीवर नजर ठेवून, अर्धवट वाकून, फिरतोच आहोत.

"बंडू, थांबव ना बे!" वासुदेवराव धापा टाकत म्हणाले.

"आत्ताच कुठी रंगात येऊन राह्यलं, भाऊजी!" बंडू रडवेल्या आवाजात म्हणाला.

मला भोवळ यायला लागली होती. अखेर सासूबाई घरातून दुसरी खुर्ची घेऊन आल्या, पहिल्या खुर्चीशेजारी आपटली आणि म्हणाल्या, "बसा दोघंही! झालं! दोघंही जिंकले!" आम्ही बसलो. टाळ्या झाल्या. पण माणसाचा स्वभाव बघा. दोघंही जिंकले म्हटलं, की दोघांनाही आपण हरल्यासारखंच वाटतं.

"रस्सीखेच होऊन जाऊ द्या," वासुदेवराव मिश्या पुसत म्हणाले. "मंग समजन."

"होऊन जाऊ द्या," मी म्हणालो. मी दिलेल्या वचनाची आठवण करून द्यायला शालू लांबून डोळे मोठे करत होती. मला ते प्रोत्साहन वाटलं.

दोर चांगला मनगटाएवढा जाड होता. एका टोकाला सगळ्यात पुढे मी, माझ्यामागं पुंडलिककाका आणि चारपाच जण. समोर वासुदेवराव आणि त्यांच्यामागं तेवढेच. आमच्या मागं थोड्या अंतरावर सासूबाईंनी सगळ्यांसाठी कैरीचं पन्हं करून मोठ्या गंजात, म्हणजे रुंद तोंडाच्या पातेल्यात, भरून ठेवलं होतं.

आता जे मला नंतर कळलं ते आत्ताच सांगतो, म्हणजे तुमचा तरी गोंधळ होणार नाही. सासूबाईंनी चुलीपाशी ज्यांना बोलावलं, त्यांना सांगितलं होतं: "मोठा जवाई लवकर रुसते. त्याइले जिंकू द्या." मामाजींनी गोठ्याजवळ ज्यांना बोलावलं, त्यांना सांगितलं होतं: "लहान जवायाचं पहिलं वर्ष आहे. त्याले जिंकू द्या." दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. आणि बंडूनं गट पाडले, तेव्हा चुलीपाशी बसलेले सगळे माझ्या बाजूला आले आणि गोठ्याजवळ उभे असलेले सगळे वासुदेवरावांच्या!

शिट्टी वाजली. मी टाच रोवली, डोळे मिटले आणि जीव खाऊन मागं ओढलं. समोर वासुदेवरावांनीही ओढलं. आणि आमच्या मागची सगळी फौज, दोन्हीकडची, आम्हाला पुढे ढकलू लागली! मला कळेना, मी मागं ओढतोय तर पाय पुढं का चाललेत. समोरून वासुदेवरावही ओढत ओढत माझ्याकडंच येत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं आश्चर्य होतं. दोराचा मधे झोळ पडला. आमची नाकं टेकायला वीतभर अंतर राहिलं.

"काका, मागं ओढा ना!" मी ओरडलो.

"ओढूनच राह्यलो जवाईबापू!" माझ्या पाठीत खांदा रुतवत काका म्हणाले.

तेवढ्यात कोणाला काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांनी एकदम हात सोडले. बहुतेक दोन्हीकडच्यांना वाटलं, की आपलं काम झालं. मागची माणसं बाजूला झाली, ढकलणं थांबलं आणि आम्ही दोघं जवाई मात्र त्या ढिल्या दोराला सगळी ताकद लावून लटकलेलो! वासुदेवराव उताणे टोऱ्यांच्या ढिगात गेले. मी उलटी पावलं टाकत, तोल सावरत, थेट पन्ह्याच्या गंजात बसलो. बसलो म्हणजे नीट, माप घेऊन केल्यासारखा बसलो. पाय बाहेर, हात बाहेर, बाकी सगळं पन्ह्यात.

"आपण जिंकलो काय?" मी विचारलं.

सासूबाई आणि मामाजी एकमेकांकडं बघत होते.

"तुम्ही त्याइले काय सांगतलं होतं?"

"तू काय सांगतलं होतं?"

"मी म्हटलं, मोठ्याले जिंकवा."

"मी म्हटलं, लहान्याले."

"अन् मले सांगाचं नाई?"

"तू सांगतलं मले?"

मग जो तो आपापला हिशेब मांडू लागला. "मी तर टोरी आपल्या हातानं पाडली बाप्पा," पुंडलिककाका म्हणाले. "जन्मात कधी हारलो नोतो." ज्याला शिंक आली होती तो म्हणाला, की शिंक काढणं टोरी पाडण्यापेक्षा कठीण असतं. बंडू वाकलेली थाळी दाखवत म्हणाला, "माह्या हाताले फोड आले!" हे सगळं बोलणं आम्हा दोघांच्या देखत चाललं होतं. वासुदेवराव ढिगातून उठले, दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "मंदा, पिशवी भर. दहाची एसटी आहे."

मंदाबाईंचा चेहरा पार उतरला. त्या हार मानलेल्या माणसासारख्या घराकडं वळल्या आणि शालूला रडू फुटलं. मी गंजातून हे पाहिलं. मला आठवलं, की मी वचन दिलं होतं. पण मी पन्ह्यात बसलो होतो, आणि पन्ह्यात बसलेल्या माणसाला अपमान कोरड्या माणसापेक्षा जास्त लागतो. "शालू," मी म्हणालो, "तूही भर!"

आणि सासूबाई हसल्या. आधी गालात, मग मोठ्यानं.

"कोणाचीच पिशवी भराची नाई," त्या म्हणाल्या. "एक जवाई रुसला अन् एक राह्यला, तर गाव म्हणते, भेद केला. मंग पोरगी पाठवा लागते. आता दोनही रुसले! दोनही गेले तर लोक म्हणतीन, गर्मी सहन झाली नाई. याच्यात पोरीइले कायले पाठवाचं?"

असा मुद्दा आजवर कोणी मांडला नव्हता. मामाजींनी विचार केला आणि मान डोलावली. पुंडलिककाका म्हणाले, "बराबर आहे." मंदाबाई दारातून परत फिरल्या. शालूचं रडं थांबलं, आणि मला सांगायला वाईट वाटतं, जरा जास्तच लवकर थांबलं.

मी कपडे बदलून रुसलेल्या माणसाला शोभेल अशा चालीनं फाट्यावर गेलो. वासुदेवराव आधीच येऊन पळसाच्या सावलीत उभे होते. दोघंही गावाच्या रस्त्याकडं बघत होतो. समजूत काढायला कोणी येईल म्हणून. थोड्या वेळानं खरंच शालू धावत येताना दिसली. मी लगेच तोंड फिरवलं.

"हा कांदा खिशात ठेवा," ती म्हणाली. "ऊन लागन. अन् पोचलो म्हणून एसटीडीवरून फोन करा." एक कांदा तिनं वासुदेवरावांनाही दिला आणि उड्या मारतच परत गेली. घरातून शेवयांची पाटी काढल्याचे आवाज आणि दोघी बहिणींचं हसणं फाट्यापर्यंत ऐकू येत होतं. एवढं मोकळं हसताना मी शालूला तोवर पाहिलं नव्हतं. मला आनंदही झाला आणि अतिशय रागही आला.

त्या वर्षी दोघी पूर्ण महिनाभर माहेरी राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी स्वतः शेजाऱ्यांकडं फोन करून मला बोलावलं. "या जवाईबापू, खेळ ठेवले आहेत." मी मागचं विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी कबड्डीत मी 'आउट' की वासुदेवराव 'आउट', यावर मामाजींनी असा काही निकाल दिला, की आम्ही दोघंही दहाच्या एसटीनं परत. त्याच्या पुढच्या वर्षी डोळे बांधून मडकं फोडायचं होतं आणि मडकं कोणी टांगलंच नव्हतं! पुन्हा दहाची एसटी. अशी बरीच वर्षं गेली. दर उन्हाळ्यात आम्ही तीन दिवसांत रुसून यायचो आणि बायका महिनाभरानं, गालांवर तेज घेऊन, पापड-कुरड्यांचे डबे घेऊन यायच्या.

एका वर्षी परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणिताचा माणूस असल्यानं तो उशिरा पण बरोबर पडला. पहिलं वर्ष सोडलं, तर हे खेळ आम्हाला रिझवायला नव्हतेच! हे आम्हाला रुसवायला होते! एवढी बुद्धी आपल्याला आहे आणि शेजारी बसलेल्या साडभाऊंना नाही, याचं मला समाधान वाटलं. म्हटलं, बिचाऱ्याला सांगून टाकावं.

"वासुदेवराव, तुमच्या लक्षात आलं काय? हे आपल्याले मुद्दाम रुसवतेत. पोरीइले महिनाभर राहता यावं म्हणून!"

त्यांनी खिडकीबाहेरची नजर हटवली नाही.

"आपण रुसून गेलो तरच त्या राहतेत, हे मले पहिल्याच वर्षी समजलं. कांदा देऊन गेली तुमची बायको, तेव्हाच."

"मंग इतकी वर्षं रुसून काऊन येता?"

"मंदा किती खूश राहते पाहिलं ना? अन् तिच्या मायच्या तोंडावर कसं म्हणू, की मले समजलं?" मिशीत हसून ते म्हणाले, "म्हणून खोटंच रुसतो. तुम्हीही तेच करता, म्हणून तर मी तुम्हाले मानतो. काय नकली रुसता बाप्पा! डोळ्यात पाणी काढता! कोणाले वाटन, खरंच रुसले!"

"हो ना," मी घाईघाईनं म्हणालो, आणि खरे रुसलेले डोळे दुपट्ट्यानं पुसून घेतले.